'कोंडून' हा शब्द कुठून आला?

परवा भावाशी व्हॉट्सअ‍ॅपवर वाजलं. विषय साधा, बाबांनी रात्री गाडी चालवावी का. तो म्हणाला, "लांबचं असेल तर रात्री नको." त्यावर मी काय लिहावं? "म्हणजे त्यांना घरात कोंडून ठेवायचं का?" आता कोंडायचं म्हणालं होतं कोण! पण लिहिताना मला खरंच वाटत होतं की तो तेच म्हणतोय. दुसऱ्या दिवशी चॅट वाचलं तर लाजच वाटली.

हेच त्याने केलं असतं ना, तर मी सरळ म्हणालो असतो, मुद्दाम विषयाला फाटे फोडतोय. आपलं ते भरात निघून गेलं, दुसऱ्याचा तो कावा.

मुद्दाम करणारे असतातच म्हणा. न्यायसूत्रांत, म्हणजे तर्कशास्त्रावरच्या जुन्या संस्कृत ग्रंथात, छलाचे (समोरच्याच्या शब्दांचा मुद्दाम भलताच अर्थ काढण्याचे) तीन प्रकार दिलेत, त्यातल्या वाक्छलाचं उदाहरण भारी आहे. कोणी म्हणतं हा मुलगा 'नवकंबल' आहे, म्हणजे याची घोंगडी नवी आहे, तर दुसरा 'नव'चा अर्थ नऊ असा घेऊन म्हणतो नऊ कुठेयत, एकच तर दिसतेय! हे काही नकळत होत नाही. जर्मन तत्त्वज्ञ शोपेनहाउअरने तर वाद जिंकायच्या 38 युक्त्याच लिहून ठेवल्यात.

पण मला 2005 चा तो स्वीडनमधला प्रयोग जास्त पटतो. लोकांना दोन चेहऱ्यांचे फोटो दाखवून आवडलेला निवडायला सांगितला आणि मग हातचलाखीने नको म्हटलेलाच फोटो त्यांच्या हातात दिला, की सांगा हाच का आवडला. बहुतेक वेळा अदलाबदल कोणाच्या लक्षातच आली नाही आणि लोक कारणं देत बसले, त्यातली काही तर न निवडलेल्या चेहऱ्यावरूनच! त्यांना खोटारडे कसं म्हणणार, स्वतःचं म्हणणं त्यांना मनापासून खरं वाटत होतं.

म्हणून मी स्वतःला माफ करून टाकणार होतो, नकळत झालं म्हणून. पण मग एक आठवलं आणि तिथेच अडकलो. मी आधी 'थांबवायचं का' असं टाइप केलं होतं. ते खोडून 'कोंडून ठेवायचं' लिहिलं. म्हणजे बोटांना काहीतरी ठाऊक होतं की! याला मुद्दाम म्हणायचं की नकळत, मला खरंच सांगता येत नाही.

भावाला फोन करून हे सगळं कबूल केलं. तो जरा वेळ गप्प, मग म्हणाला, "अरे, मला पण गाडी बंदच करायची होती त्यांची. 'लांबचं' नुसतं सुरुवातीला म्हणून टाकलं होतं."