घट बाबांवर सोपवून कोलकात्याच्या दुर्गापूजेला

चौथ्या माळेला पहाटे आईने आणि मी सीएसएमटीहून गीतांजली पकडली. घटाला पाणी, रोजची माळ आणि नंदादीप हे सगळं बाबांच्या गळ्यात घातलं होतं. नागपूर येईपर्यंत आईने त्यांना चार फोन केले. पंचमीला दुपारी हावडा. रेल्वेचं आरक्षण 60 दिवस आधी उघडतं, त्या दिवशी सकाळीच बसा. परतीचंही असंच, त्या तारखेच्या 60 दिवस आधी काढा, आणि ते दशमीचं नको, एकादशीचं. का ते पुढे येईल.

उतरण्याची जागा मेट्रोच्या निळ्या मार्गाला धरून शोधा, म्हणजे शोभाबाजार ते कालीघाट या पट्ट्यात कुठेही. आम्ही ‘शांत भागात’ म्हणून लांब उतरलो आणि पस्तावलो. पहिल्याच रात्री गरियाहाटहून टॅक्सी केली. दीड तासात एक किलोमीटरही झाला नाही. शेवटी चालकच म्हणाला, उतरा, चालत लवकर पोचाल. पोचलो. माझ्या नव्या कोऱ्या सँडलने दोन्ही टाचा सोलल्या होत्या. जुन्या चपला न्या, आणि छत्रीसुद्धा. आश्विनातही तिथे पाऊस सांगून येत नाही.

मेट्रो सप्तमी ते नवमी पहाटेपर्यंत धावते, पण सकाळी फार उशिरा सुरू होते. त्या वर्षीचं वेळापत्रक आधी बघून ठेवा, नाहीतर अष्टमीच्या सकाळच्या पुष्पांजलीला निघाल आणि स्टेशनला कुलूप. हावड्याहून एस्प्लनेडला मात्र मेट्रोनेच जा. हुगळीच्या पात्राखालून गाडी जाते, एक मिनिटही लागत नाही.

कुमारटुलीला, मूर्तिकारांच्या वस्तीत, आम्ही षष्ठीला गेलो, म्हणजे उशिराच. दुर्गा केव्हाच मांडवात पोचल्या होत्या. गल्ल्यांत पेंढ्याचे सांगाडे उभे होते, काहींना नुकता चिखल थापलेला, हात होते पण बोटं नव्हती. कोजागरीच्या लक्ष्म्या आणि दिवाळीतल्या काली, पुढच्या ऑर्डरी. दुर्गा घडताना बघायची असेल तर सर्वपित्रीच्या, म्हणजे त्यांच्या महालयाच्या, आठ-दहा दिवस आधी या.

मोठ्या पंडालांबद्दल माझं मत स्पष्ट आहे: रात्रीत दोन, फार तर तीन. यादी घेऊन पळणाऱ्यांना फक्त पुढच्याच्या डोक्याची मागची बाजू दिसते. दक्षिणेला देशप्रिय पार्क आणि त्रिधारा कालीघाट स्टेशनवरून चालत होतात. देखावे थक्क करणारे असतात, पण मला उत्तर कोलकाता जास्त आवडलं. बागबाजारची मूर्ती जुन्या वळणाची, सगळं कुटुंब एकाच चौकटीत, चंदेरी कलाकुसर, मोठाले डोळे. शोभाबाजार राजबाडीची पूजा 1757 पासूनची. तिथे सकाळी जा, अंगणात शांत उभं राहता येतं.

तिथेच आईला गणपतीशेजारी घुंगट घेतलेलं केळीचं झाड दिसलं. पांढरी साडी, लाल काठ. कोणीतरी सांगितलं, ही गणपतीची बायको, ‘कला बोऊ’. आई म्हणाली, ‘‘मग आपल्या रिद्धी-सिद्धी?’’ खरं तर ती नऊ वनस्पतींची जुडी, देवीचंच रूप. सप्तमीला पहाटे तिला नदीवर न्हाऊ घालतात. पण लोक सूनच मानतात.

खाण्याचं आधीच मनाशी ठरवून जा. आपल्याकडे नवरात्र म्हणजे उपास, तिथे मटण, बिर्याणी आणि रस्तोरस्ती एगरोल. मी खूश होतो. आईचे नऊ दिवसांचे उपास, आणि साबुदाण्याची खिचडी शोधून मिळेना. केळी, राजगिऱ्याचे लाडू, भाजलेले दाणे घरूनच बांधून न्या. उपास नसेल तर मांडवातला भोग चुकवू नका: मुगाची खिचडी, लाबडा नावाची मिश्र भाजी, टोमॅटोची गोड चटणी. हाजरा रोडवर महाराष्ट्र निवास आहे, राहण्यासाठी तिथे बरंच आधी विचारून बघा.

अष्टमीला सकाळी मात्र आईचा उपास कामी आला. पुष्पांजली रिकाम्या पोटी द्यायची असते. गल्लीतल्या साध्या मांडवात गेलो, कोणी काही विचारलं नाही, हातात फुलं दिली. पुरोहित माइकवर मंत्र सांगतो, आपण मागून म्हणायचा, असं तीनदा. मोठ्या पंडालात तुम्ही प्रेक्षक असता, इथे नसता. संधिपूजाही अशाच ठिकाणी बघा. अष्टमीची शेवटची 24 मिनिटं आणि नवमीची पहिली 24, 108 दिवे. वेळ पंचांगाप्रमाणे, कधी कधी अपरात्रीही येते.

दशमीला त्याच मांडवात पुन्हा गेलो. बायका रांगेने स्टुलावर चढून देवीचं तोंड विड्याच्या पानांनी पुसत होत्या, जसं रडलेल्या मुलीचं पुसावं. मग ओठांना पेढा, भांगात सिंदूर. देवी पोरांना घेऊन माहेरी आली होती, आता कैलासाला निघाली. आई कितीतरी वेळ बघत राहिली. म्हणाली, ‘‘आपण गौरींना निघताना खीर-कानवला देतो, तसंच हे.’’ तोवर एका बाईने तिच्या दोन्ही गालांना सिंदूर फासला होता. तो साडीवरून अजून गेलेला नाही. जुनी साडी नेसून जा.

विसर्जन बाबूघाटावर पाहिलं. ढाक वाजतच होते, ‘आशछे बोछोर आबार होबे’ चाललं होतं, म्हणजे आपलं पुढच्या वर्षी लवकर या. मूर्ती पाण्यात गेली की क्रेन लगेच सांगाडा बाहेर ओढते. घाटावर संध्याकाळी पाचच्या आत जागा धरा. हावड्याकडचे रस्ते त्या रात्री तुंबलेले असतात, म्हणून तिकीट एकादशीचं.

बाबांनी दसऱ्याला घट हलवल्याचा फोटो पाठवला होता. धान चांगलं वीतभर आलं होतं. आईने तो झूम करून पाहिला आणि फोन लावला: ‘‘पाणी जरा जास्तच घातलंत.’’