क्यूबेसवरून रीपरवर : माझा अनुभव

गेल्या पावसाळ्यात मी माझं रेकॉर्डिंगचं काम क्यूबेस या गाणी रेकॉर्ड आणि मिक्स करायच्या सॉफ्टवेअरवरून रीपर या तशाच दुसऱ्या सॉफ्टवेअरवर आणलं. क्यूबेसचं काही बिघडलं होतं म्हणून नव्हे. हॅम्बुर्गच्या स्टाइनबर्ग कंपनीने १९८९ मध्ये अटारीच्या संगणकासाठी आणलेलं हे सॉफ्टवेअर. पुढे १९९६ मध्ये याच कंपनीने व्हीएसटी हा फॉरमॅट आणला आणि आज आपण सर्रास वापरतो त्या प्लगइनांचा, म्हणजे सॉफ्टवेअरला जोडायच्या वाद्यांचा आणि इफेक्टांचा, पाया तिथे घातला गेला. मी शिकले तेव्हा यूएसबीला डोंगल, म्हणजे लायसन्सची किल्ली, लावल्याशिवाय ते उघडत नसे. अभंग, भावगीतं, एकांकिकांचं पार्श्वसंगीत, पोटापाण्याचं आणि आवडीचं, सगळं त्यावरच झालं. मिक्सिंगचा माझा कान तिथेच तयार झाला आणि ते ऋण मी मानते.

बदललं ते माझं काम. पार्ल्यातल्या माझ्या खोलीत पूर्वी गायक-वादक येत. आता ज्यांचं गाणं जपून ठेवावं असं मला मनापासून वाटतं, त्यांतल्या बऱ्याच जणी सत्तरीच्या पुढच्या आहेत. गिरगावातल्या चाळीचे लाकडी जिने उतरून, लोकल पकडून त्यांनी माझ्याकडे यावं ही अपेक्षाच चुकीची. मग मी त्यांच्याकडे जाऊ लागले. एक जुना लॅपटॉप, माइक लॅपटॉपला जोडणारा लहानसा इंटरफेस, दोन माइक, हेडफोन, एवढंच सामान. त्या लॅपटॉपवर अडखळत नाही असं हलकं सॉफ्टवेअर हवं होतं. शिवाय माझ्याकडे शिकायला येणाऱ्या मुलांना घरी सराव करायला परवडेल असंही हवं होतं. रीपर या दोन्ही कसोट्यांना उतरलं.

रीपर बनवणारी कॉकोस ही कंपनी जस्टिन फ्रँकेल यांची. आपण एकेकाळी ज्याच्यावर एमपीथ्री ऐकायचो तो विनॅम्प त्यांनीच लिहिलेला. सॉफ्टवेअरची फाइल काही एमबींचीच आहे आणि पेनड्राइव्हवर टाकूनही ते चालवता येतं. ६० दिवस ते पूर्ण क्षमतेने वापरून बघता येतं. पुढे लायसन्स ६० डॉलरचं. व्यवसायासाठी वापरत असाल आणि वर्षाची उलाढाल २०,००० डॉलरच्या वर असेल, तर २२५ डॉलरचं. मुलांना मी हे पैसे भरायलाच सांगते, कारण इतक्या कमी किमतीत असं काम देणाऱ्यांचे पैसे बुडवणं मला पटत नाही.

सगळ्यात जास्त वेळ गेला तो जुन्या प्रोजेक्टांवर. एका सॉफ्टवेअरचं प्रोजेक्ट दुसऱ्यात जसंच्या तसं उघडत नाही. एएएफसारखा देवाणघेवाणीचा फॉरमॅट वापरला तरी क्लिपा (आवाजाचे तुकडे) आणि फेड (त्यांचे चढउतार) फारतर जागेवर येतात. प्लगइनांची मांडणी येत नाही. म्हणून मी आधी यादी केली : कोणती गाणी पुन्हा उघडावी लागतील, कोणती नाहीत. जी प्रकाशित झाली आणि ज्यांत कुणी हात घालणार नाही, त्यांचं फक्त अंतिम मिक्स आणि सुटे ट्रॅक जपले. उरलेल्यांसाठी एकच पद्धत ठरवली. प्रत्येक ट्रॅक गाण्याच्या शून्यापासून सुरू होणारी, २४ बिट, ४८ किलोहर्ट्‌झची वेव्ह फाइल म्हणून काढायचा, गायक मधल्या अंतऱ्यालाच येत असला तरीही. म्हणजे नव्या घरात सगळ्या फाइली डावीकडे टेकवून ठेवल्या की गाणं आपोआप जुळतं. जिथे आवाजावर महत्त्वाचा इफेक्ट होता तिथे एक कोरी फाइल आणि एक इफेक्टसकट, अशा दोन काढल्या. मिडीचे ट्रॅक, म्हणजे ज्यांत आवाज नसून कुठला सूर कधी वाजवायचा एवढीच नोंद असते ते, टेम्पोसह वेगळे. आणि प्रत्येक फोल्डरमध्ये एक साधी मजकुराची फाइल : गायिकेची पट्टी, ताल, लय, कुठला रिव्हर्ब (आवाजाला दिलेला घुमारा) किती होता, गीताचे शब्द. पट्टी लिहून ठेवण्याचा आग्रह मी सगळ्यांनाच करीन. काही वर्षांनी हार्मोनियम पुन्हा वाजवून घ्यायची वेळ आली की काळी एक होती की काळी दोन हे कानाने शोधत बसावं लागत नाही.

फाइली नीट निघाल्या का, हे तपासायचा खात्रीचा मार्ग आहे. मास्टरवर, म्हणजे सगळे ट्रॅक जिथे एकत्र येतात तिथे, काहीही न लावलेलं जुनं मिक्स आणि नव्याने जुळवलेले ट्रॅक एकत्र वाजवायचे, एकाची फेज उलटी करायची, म्हणजे त्याची ध्वनिलहर वरची खाली करायची. दोन्ही तंतोतंत सारखे असतील तर एकमेकांना खाऊन टाकतात आणि शांतता उरते. काही ऐकू आलं तर तिथे फरक आहे. माझ्याकडे सुरुवातीला मोनो ट्रॅक ऐकू येत राहिले, कारण दोन्हीकडचा पॅन लॉ वेगळा होता. मध्यभागी ठेवलेल्या मोनो आवाजाची पातळी काय धरायची याचा तो नियम, आणि त्यात ३ डेसिबलचा फरक सहज पडतो. प्रोजेक्टच्या सेटिंगमध्ये तो सारखा केला आणि आवाज नाहीसा झाला. प्रत्येक रिव्हर्बच्या बाबतीत हे जमत नाही, कारण काही रिव्हर्ब दर वेळी किंचित वेगळे वाजतात. म्हणून ही तपासणी कोऱ्या ट्रॅकवर करायची.

शॉर्टकटांबद्दल माझं स्पष्ट मत आहे : जुने सगळे शॉर्टकट नव्यात कोंबू नयेत. रीपरमध्ये हवी ती कळ हव्या त्या क्रियेला जोडता येते, त्यामुळे मोह होतो. मी एकच आणली. नंबरपॅडवरची गुणाकाराची कळ, रेकॉर्डसाठी. समोर गायिका श्वास घेत असते तेव्हा हात आपसूक तिथेच जातो आणि त्या क्षणी विचार करायला वेळ नसतो. बाकी रीपरचं जे आहे ते तसंच शिकले. तुकडा करायला ‘एस’ दाबा, झालं. क्यूबेससारखी कात्री, पेन्सिल, गोंद अशी हत्यारं उचलावी लागत नाहीत. माऊस कशावर आहे त्यावरून त्याचं काम ठरतं. हात रुळायला वेळ लागला, पण आता उलट जाणं मला नको वाटतं.

ट्रॅकचंही तसंच. क्यूबेसमध्ये ऑडिओचा ट्रॅक, मिडीचा, ग्रुपचा असे वेगवेगळे प्रकार. रीपरमध्ये ट्रॅक म्हणजे ट्रॅक, त्यात काहीही ठेवा. एका ट्रॅकला फोल्डर केलं की आतल्यांचा आवाज त्यातून जातो. तबला आणि डग्ग्याला वेगळे माइक असतात, ते दोन ‘तबला’ नावाच्या फोल्डरात घातले की एका फेडरवर, म्हणजे आवाजाच्या एका सरकत्या कळीवर, दोन्ही वरखाली.

पण ज्याच्यासाठी मी रीपरच्या प्रेमात पडले ती गोष्ट म्हणजे ताल. रूपक घ्या. सात मात्रा, तीन-दोन-दोन, आणि सम, म्हणजे पहिली मात्रा, ‘खाली’वर, जिथे टाळी देत नाहीत. मेट्रोनोमचा साधा क्लिक पहिल्या मात्रेवर जोरात आपटतो, म्हणजे नेमक्या ‘खाली’वर, आणि गाणाऱ्याला ते खटकतं. रीपरमध्ये मेट्रोनोमचा नमुना मात्रेगणिक ठरवता येतो. मी सात मात्रांचं माप केलं, पहिल्यावर हलका ठोका, चौथ्या आणि सहाव्यावर जड. जिच्या घरी रेकॉर्डिंग होतं त्या गायिका काकू हेडफोन लावून म्हणाल्या, “अगं, हा मेला बरोबर टाळी देतोय की!” झपतालाला दहाचं माप, तिसऱ्या आणि आठव्या मात्रेला टाळ्या, पहिल्याला सम, सहाव्याला हलकी खाली.

अभंगाला तर मी क्लिक देतच नाही. भजनी ठेका सुरू होतो एका लयीत आणि गजरापर्यंत चढत जातो. ते चढणं हाच त्या गाण्याचा प्राण आहे, ते क्लिकला बांधायचं नाही. मात्र नंतर त्यात टाळ किंवा बासरी भरायची असेल तर पडद्यावर मापं दिसलेली बरी. मग रेकॉर्डिंग झाल्यावर एका समेपासून पुढच्या समेपर्यंतचा भाग निवडायचा आणि ‘याचं माप कर’ म्हणायचं, असं पुढे पुढे जात राहायचं. मापं गाण्याच्या मागे येतात, गाणं मापांच्या मागे जात नाही. फक्त एक आधी करायचं : रीपरमध्ये प्रोजेक्टचा टाइमबेस (आवाज मात्रांना बांधायचा की घड्याळाला, हे ठरवणारं सेटिंग) मुळात ‘बीट्‌स’वर असतो आणि तसाच ठेवला तर टेम्पो बदलताना रेकॉर्ड झालेला आवाजही ताणला-आकसला जातो. तो ‘टाइम’वर ठेवायचा. नव्याने येणाऱ्या प्रत्येकाला मी पहिलं हेच सांगते.

टेक, म्हणजे एकच ओळ पुन्हा पुन्हा गाऊन केलेली रेकॉर्डिंगं, त्यांतून निवडणं २०२३ मध्ये आलेल्या सातव्या आवृत्तीपासून सोपं झालंय. प्रत्येक टेक ट्रॅकमधल्या स्वतंत्र लेनमध्ये (ओळीत) बसतो आणि हवा तो भाग माऊसने ओढून घेतला की वरच्या लेनमध्ये जुळत जातो. मी ओळीच्या श्वासावर जोड देते. आलापात जोड देत नाही, आलाप एका टेकमधलाच घेते. जोड कितीही सफाईदार असला तरी सुरावर थांबण्यामागचा विचार तुटतो, असं मला प्रत्येक वेळी जाणवतं.

हरवलेलंही आहे. माझे विकत घेतलेले व्हीएसटी प्लगइन रीपरमध्ये बिनतक्रार उघडले, पण क्यूबेसच्या आतलं जे होतं ते तिथेच राहिलं. त्यात व्हॅरिऑडिओची उणीव भासते, सूर पडद्यावर बघून दुरुस्त करायला ते फार नेमकं होतं. रीपरचं रीट्यून त्या तोडीचं नाही. मी आता सूर सरकवण्याऐवजी ओळ पुन्हा गाऊन घेते. मींड आणि कोमल स्वरांच्या आपल्या जागा यंत्राच्या बारा खणांत बसत नाहीत, तेव्हा हे बरंच झालं असं मला वाटतं. जाहिरातीचं घाईचं काम करणाऱ्याचं मत वेगळं असेल.

लेटन्सीत, म्हणजे गायलेलं हेडफोनमध्ये ऐकू यायला लागणाऱ्या उशिरात, फरक पडला नाही, आणि पडणारही नव्हता. ती इंटरफेसच्या ड्रायव्हरवर आणि बफरवर, म्हणजे संगणक एका वेळी आवाजाचा केवढा तुकडा हाताळतो त्यावर, ठरते. ४८ किलोहर्ट्‌झला १२८ सॅम्पल म्हणजे साधारण पावणेतीन मिलीसेकंद एका बाजूचे (आवाज आत येतानाचे किंवा बाहेर जातानाचे), गायिकेला तेवढं कळत नाही.

रीपरची प्रोजेक्ट फाइल साध्या मजकुराची असते, नोटपॅडमध्ये उघडून वाचता येते. मध्यंतरी मी हार्डडिस्क बदलली तेव्हा फाइलींचे पत्ते तिथेच शोधून बदलले. सॉफ्टवेअर उद्या राहिलं नाही तरी कुठला टेक कुठे होता हे वाचून कळेल, याचा मला मोठा आधार वाटतो.

क्यूबेस असलेला डेस्कटॉप मी मोडीत काढलेला नाही. एका नाटकाचं पार्श्वसंगीत त्यात अर्ध्यावर आहे. दिग्दर्शक अजून प्रवेश मागेपुढे करतायत, तेव्हा ते तिथेच पूर्ण होईल. शुभारंभाचा प्रयोग लागला की त्याचेही ट्रॅक शून्यापासून काढून फोल्डरात ठेवायचे, पट्टी आणि ताल लिहून.