कॅप्टनकाका आणि तांब्याभर पाणी

आमच्या मंडळाचा स्नेहमेळावा गणपतीतल्या रविवारी, म्हणजे पाऊस ठरलेलाच. मंडपवाला शनिवारी दुपारी बांबू उभे करून गेला की कॅप्टनकाका पँट दुमडून, तांब्या घेऊन हजर. चारी कोपऱ्यांत पाणी ओतायचं आणि ते कुठे जातं ते उकिडवं बसून बघायचं. ऐंशीच्या घरातला माणूस! मग हुकूम सुटायचा, "फावडं आण रे. इथून वीतभर चर, थेट गटारापर्यंत."

१९६२ च्या युद्धानंतर सैन्याला अधिकारी कमी पडले आणि इमर्जन्सी कमिशन, म्हणजे अधिकाऱ्यांची तातडीची भरती, निघालं. नुकतेच इंजिनिअर झालेले काका त्यातून खडकीच्या बॉम्बे सॅपर्समध्ये, म्हणजे सैन्याच्या इंजिनिअर दलात, गेले. १९६५ ची लढाई पाहिली, कॅप्टन म्हणून सुटले आणि सार्वजनिक बांधकाम खात्यात लागले. पुढची सगळी नोकरी महामार्गांवर, पण आमच्यासाठी ते कायम कॅप्टनच.

मेळाव्यात लिंबू-चमचा, अंताक्षरी आणि लांबत जाणारे सत्कार असतात, ते असो. पोरं थांबायची ती काकांसाठी. दरवर्षी कुणीतरी विचारायचंच, "काका, बंदूक चालवलीत?" आणि काका दरवर्षी बेली पुलावर यायचे, म्हणजे सुटी पॅनेलं जोडून उभ्या करायच्या लष्करी पुलावर. त्याचं एक पॅनेल दहा फूट लांब, पाच फूट उंच, अडीचशे किलोंच्या वर. सहा जणांनी मिळून उचलायचं. "पाच जण उचलतात आणि सहावा नुसता हात लावून चालतो. दहा पावलांत कळतं, कोण तो!" हे म्हणताना ते आमच्या कार्यकारिणीकडे का बघायचे, कोण जाणे. रंगमंचाच्या फळ्याही ते तशाच उचलायला लावायचे, एका हाकेसरशी.

एका वर्षी आम्ही शहाणपणा केला. काका लेकीकडे गेले होते, ते रविवारीच येणार होते. वर दुहेरी ताडपत्री घातली, चर कशाला? संध्याकाळी पाणी वरून आलंच नाही, जाजमाखालून आलं. बक्षीस समारंभ बाकांवर उभं राहून उरकला. काकांनी रागावण्याऐवजी माइक मागून घेतला. "रस्त्याला मधून कडेकडे मीटरमागे दोन-अडीच सेंटिमीटर उतार देतात. डोळ्यांना जाणवतही नाही. पण साइडपट्टी उंच राहिली की रस्त्याची परात होते. पाणी मुरतं, डांबर खडीला सोडतं, वरून ट्रक गेला की खड्डा. लोक म्हणतात, साहेबांनी डांबर खाल्लं." जरा थांबून म्हणाले, "कधीकधी खाल्लेलंही असतं."

त्यांची पदकं मी एकदाच पाहिली. एका नातवंडाच्या हट्टापायी समर सेवा स्टार खिशातून काढला होता, रुमालात गुंडाळलेला. पोरगं ते बघून होईपर्यंत काकांचं लक्ष मंडपाच्या पागोळ्यांकडे.

फाल्गुनात काका गेले. यंदा शनिवारी चर कुठून काढायचा यावर आमच्यात अर्धा तास वाद झाला. शेवटी सेक्रेटरीची धाकटी घरातून तांब्या घेऊन आली. पहिलं पाणी शाळेच्या भिंतीकडे गेलं, दुसरं जागीच मुरलं. तिसऱ्या तांब्याला ती उकिडवी बसली आणि ओरडली, "फावडं आण रे!"