सोयाबीन पिवळं पडायलंय, काय मारू?

मानवतला आमच्या कृषी केंद्राच्या काउंटरवर अण्णांची एक जाड वही असायची. डाव्या पानावर शेतकऱ्याचा प्रश्न, उजव्या पानावर अण्णांनी सांगितलेला इलाज. परभणीतली नोकरी सांभाळून मी त्या वहीची वेबसाइट करायला घेतली तेव्हा डोक्यात हिशोब सरळ होता: दोन पानं, दोन टेबलं, म्हणजे डेटाबेसमधले रकाने आणि ओळींचे दोन तक्ते. आज त्या डेटाबेसमध्ये अकरा टेबलं आहेत आणि प्रत्येकामागे दुकानात घडलेली काही ना काही गोष्ट आहे.

पण सुरुवातीला मी स्टॅक ओव्हरफ्लो या प्रोग्रामरांच्या प्रश्नोत्तरांच्या साइटचा आराखडा समोर ठेवला. २००८ साली सुरू झालेल्या या साइटचा डेटा तेव्हा कुणालाही उतरवून घेता यायचा, त्यामुळे आतली रचना नीट बघायला मिळाली. तिथे प्रश्न आणि उत्तरं एकाच टेबलात असतात. एक कॉलम, म्हणजे रकाना, सांगतो की ही रो, म्हणजे ओळ, प्रश्नाची की उत्तराची, आणि उत्तराच्या रोमध्ये त्याच्या प्रश्नाचा क्रमांक असतो. मतं, शेरे, दुरुस्त्या सगळं एकाच टेबलाला जोडता येतं, म्हणून ही मांडणी सोयीची. मीही तशीच केली.

मग पहिल्याच पावसाळ्यात प्रश्न आला: ‘सोयाबीन पिवळं पडायलंय, काय मारू?’ चुनखडीच्या रानात लोह कमी पडलं तरी सोयाबीन पिवळं पडतं, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. पांढऱ्या माशीमुळे पसरणाऱ्या मोझॅक रोगानंही पिवळं पडतं. एकाला फेरस सल्फेटचा फवारा, दुसऱ्यात आधी रोगट झाडं उपटायची. पेरणी कधीची, रान कसलं, तालुका कोणता, हे कळल्याशिवाय अण्णा काउंटरवरून बाटली हलू देत नाहीत. म्हणून हे तिन्ही कॉलम घातले, तर उत्तरांच्या प्रत्येक रोमध्ये ते नल, म्हणजे रिकामे. उलट प्रश्नांच्या रोमध्ये उत्तराचे कॉलम नल. मी टेबलं वेगळी केली आणि आजही माझं मत तेच आहे: दोन गोष्टींना लागणारी माहिती इतकी वेगळी असेल तर त्यांना एका टेबलात कोंबू नये.

पण टेबलं फोडल्यावर मतांचं काय? एका टेबलातली रो दुसऱ्या टेबलातल्या खऱ्या रोशी बांधणारी ती फॉरेन की, आणि एक फॉरेन की दोन टेबलांकडे बोट दाखवू शकत नाही. बरेच जण ‘प्रकार’ आणि ‘क्रमांक’ असे दोन कॉलम ठेवून फॉरेन की सोडूनच देतात. मला ते पटत नाही, कारण मग नसलेल्या उत्तराला पडलेलं मतही डेटाबेस मुकाट्यानं ठेवून घेतो. मी अण्णांना विचारलं, कुणी प्रश्नाला चांगलं म्हणतं का? ते म्हणाले, “प्रश्नाला कोण शाबासकी देतंय, बाई? लोक म्हणतेत, माझ्याबी रानात हेच हाय.” तिथेच गाठ सुटली. मत फक्त उत्तराला, आणि प्रश्नासाठी ‘माझ्याही रानात हेच’ असं स्वतंत्र टेबल. हे टेबल आता सगळ्यात कामाचं ठरलंय. एका तालुक्यातून एकाच आठवड्यात अशा नोंदी वाढल्या की अण्णा सावध होतात.

मतांच्या टेबलाला उत्तर आणि सभासद या दोन्ही कॉलमची मिळून प्रायमरी की आहे, म्हणजे तीच जोडी दुसऱ्यांदा येऊ शकत नाही. रेंज कमी असलेल्या गावात माणूस बटण दोनदा दाबतो, दोन्ही विनंत्या सर्व्हरवर एकदमच येतात. ‘आधी मत दिलंय का’ हे कोडमध्ये तपासलं तर दोघींनाही ‘नाही’ असंच उत्तर मिळतं आणि एकाची दोन मतं होतात. दुसरी रो अडवायची ती डेटाबेसनंच.

शोधाचं दुखणं खास आपलं. ‘पांढऱ्या’ मधला अर्धा र काही कळफलक ‘ऱ’ हे स्वतंत्र अक्षर घेऊन लिहितात, काही साधा र, हलन्त आणि न दिसणारं जोडचिन्ह घेऊन. डोळ्यांना शब्द एकच, डेटाबेसला दोन. आता लिहिणाऱ्याचा मजकूर आहे तसा एका कॉलममध्ये राहतो आणि शोधासाठी एकसारखा केलेला मजकूर शेजारच्या कॉलममध्ये.

जी गोष्ट मला आजही बोचते ती ऑगस्ट २०२३ ची. सेलूकडचे एक काका फोन घेऊन दुकानात आले. आमच्याच साइटवरचं चक्रीभुंग्याचं, म्हणजे सोयाबीनवरच्या किडीचं, उत्तर, सगळ्यात जास्त मतांचं, म्हणून सगळ्यात वर. त्यात ट्रायझोफॉस हे कीटकनाशक लिहिलेलं. उत्तर २०१९ चं होतं, तेव्हा ते औषध मिळत होतं. केंद्र सरकारच्या २०१८ च्या आदेशानुसार ३१ डिसेंबर २०२० पासून ते बंद झालं. अण्णांनी स्क्रीन बघितली, चष्मा काढला आणि म्हणाले, “बाई, हे औषध बंद होऊन अडीच वर्सं झाली.” काकांसमोर मला मान वर करवेना. मतं जुनी, उत्तर जुनं, आणि माझी क्वेरी, म्हणजे डेटाबेसकडून उत्तरं मागवणारी आज्ञा, फक्त मतं मोजत होती.

त्या रात्री मी जुनी वही पुन्हा काढली. मागच्या पुठ्ठ्याला आतून एक कागद चिकटवलेला होता, त्यावर अण्णांच्या अक्षरात बंद औषधांची नावं आणि पुढे तारखा. आतल्या पानांवर त्यांनी काहीच खोडलं नव्हतं. इलाज सांगण्याआधी ते पुठ्ठा उलटून बघायचे. माझ्या आराखड्यात तो पुठ्ठाच राहून गेला होता.

दुसऱ्या दिवशी दोन टेबलं वाढली. एक औषधांचं: घटकाचं नाव आणि बंदीची तारीख. दुसरं उत्तर आणि औषध यांना जोडणारं, कारण एका उत्तरात दोन-तीन औषधं असू शकतात आणि एक औषध शेकडो उत्तरांत. क्वेरी आता मतांच्या आधी बंदीची तारीख बघते. बंद औषधाचं उत्तर तळाला जातं आणि त्यावर लाल पट्टी येते. पुसत मात्र नाही, कारण त्या वर्षी काय सांगितलं होतं हेही लोकांना दिसायला हवं. संगणकशास्त्रज्ञ कॉडनं १९७० साली रिलेशनल मॉडेल, म्हणजे माहिती अशी टेबलांत मांडायची पद्धत, मांडलं ते मी कॉलेजात परीक्षेपुरतं वाचलं होतं. एक माहिती एकाच जागी का ठेवायची, ते मला या पुठ्ठ्यानं समजावलं.

औषधांचं टेबल मी अण्णांच्या हवाली केलंय, त्यांच्या फोनवर तेवढाच एक फॉर्म आहे. २०२३ च्या बंदीच्या आदेशात मोनोक्रोटोफॉस ३६ टक्के हे कीटकनाशक आलं, तेव्हा त्यांनी दुकान उघडल्या उघडल्या स्टुलावर बसून एका बोटानं तारीख भरली. मी ऑफिसात पोचेपर्यंत कापसाच्या जुन्या उत्तरांवर लाल पट्ट्या आलेल्या होत्या.