मायचं ताक आणि दिल्लीचे उंदीर

यंदा सीतादहीच्या दिवशीच माय पडली. पराटीत, म्हणजे कपाशीत, दहीभाताचा निवद ठेवून धुऱ्यावरून परतताना पाय घसरला, हात टेकवला आणि मनगट मोडलं. एवढ्याशा पडण्यानं! आर्वीच्या डॉक्टरांनी एक्स-रे पाहून पहिलं विचारलं, "पाळी कधी गेली यांची?"

गेली नाही, घालवली. अडतिसाव्या वर्षी पिशवी काढली, सोबत दोन्ही बीजांडकोशही. ते का काढतोय, हे कुणी सांगितलं नाही. सही तेवढी घेतली.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत विज्ञान शिकवते, म्हणून वाचत बसले. हाडांपासून निघाले ती आतड्यात पोचले. बीजांडकोशात तयार होणारं इस्ट्रोजेन हे संप्रेरक तुटलं की उंदरांच्या आतड्याचं अस्तर पाझरायला लागतं. मग तिथल्या जिवाणूंमुळे टी पेशी, म्हणजे रोगांशी लढणाऱ्या पेशी, चवताळतात. त्यातल्या टीएच-१७ नावाच्या आणि टीएनएफ हे दाह वाढवणारं रसायन सोडणाऱ्या पेशी थेट अस्थिमज्जेत जाऊन हाड खाणाऱ्या पेशींना चेव आणतात. अमेरिकेतल्या एमोरी विद्यापीठाच्या २०१६ च्या प्रयोगात ज्या उंदरांच्या आतड्यात जिवाणूच नव्हते, त्यांचं हाड शाबूत राहिलं. दिल्लीच्या एम्समध्ये बीजांडकोश काढलेल्या उंदरांना बॅसिलस क्लॉझी दिला, तर या पेशींना आवरणाऱ्या टी-रेग पेशी वाढल्या, झीज कमी झाली. जुलाबावर मेडिकलमध्ये छोट्या कुपीत मिळतो, तोच हा जिवाणू.

मायला सांगितलं तर म्हणे, "मले उंदीर समजली का वं?"

मी गप्प. त्या उंदरांचं जे काढलं तेच तुझं काढलं, हे कोणत्या तोंडानं सांगू?

"मंग ताक पेलं तं?" तिचा खरा प्रश्न हा. स्वीडनमध्ये ७५ ते ८० वर्षांच्या ९० बायकांना वर्षभर लॅक्टोबॅसिलस रॉयटेरी हा दह्यातल्या जिवाणूंच्या गोतातला जिवाणू दिला, तेव्हा नडगीच्या हाडाची झीज कमी झाली होती. ते २०१८ साली छापून आलं. मी हुरळलेच. पण २०२४ मध्ये त्याच जिवाणूचा दुसरा निकाल आला. पाळी नुकती गेलेल्या २३९ बायका, दोन वर्षं, फरक शून्य. आणि आमच्या विरजणात कोणते जिवाणू नांदतात, ते विरजणालाच ठाऊक. तेव्हा ताक प्यावं, त्यात कॅल्शियम आहे, पण ते औषध नव्हे.

औषध म्हणजे हाडांची झीज रोखणारी, आठवड्याची एक गोळी. सोमवारी उपाशीपोटी, साध्या पाण्यासोबत. त्यानंतर अर्धा तास आडवं व्हायचं नाही, खायचं-प्यायचं नाही. ताक तर नाहीच. त्यातलं कॅल्शियम गोळीला अंगी लागू देत नाही. माय ओट्यावर घड्याळाकडे पाहत बसते, शेजारी ताकाचा गडवा झाकून ठेवलेला.