पहिल्या गेमला निघण्याआधी: हिवाळी हंगामाची नोंद

मार्च उजाडला, म्हणजे आमचा इंग्लंडमधल्या चिल्टर्नच्या टेकड्यांमधला एअरसॉफ्टचा हिवाळी हंगाम आता आटोपत आला. एअरसॉफ्ट म्हणजे नकली बंदुकीतून बारीक गोळ्या झाडून एकमेकांना बाद करायचा खेळ. माझी बंदूक अखेर ०.२८ ग्रॅमच्या बीबीवर, म्हणजे गोळीवर, नीट बसली, चिखलात न घसरता वळसा घालून बाजूने चढाई करणं जमू लागलं, आणि सगळ्यात आनंदाची गोष्ट म्हणजे आसपासच्या गावांतली बरीच नवी मराठी मंडळी एअरसॉफ्टकडे वळली. त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: कोणती बंदूक घेऊ?

माझं उत्तर: सध्या कोणतीच नको. भाड्याची घ्या.

त्याला कायद्याचंही कारण आहे. ब्रिटनमध्ये २००६ च्या व्हायलंट क्राइम रिडक्शन कायद्यानुसार हुबेहूब खऱ्यासारखी दिसणारी नकली बंदूक कोणालाही विकता येत नाही. ही तरतूद १ ऑक्टोबर २००७ पासून लागू आहे. नियमित खेळणाऱ्यांना त्यातून सूट मिळते, आणि आपण खेळाडू आहोत हे दाखवायला बहुतेक जण युकाराची (ब्रिटनमधल्या एअरसॉफ्ट विक्रेत्यांच्या संघटनेची) नोंदणी करतात. त्यासाठी किमान ५६ दिवसांच्या अवधीत ३ गेम खेळावे लागतात. नोंदणी नसेल तर भडक निळ्या किंवा हिरव्या रंगाची बंदूक मिळते, पण वय १८ पूर्ण हवं. मला ही ५६ दिवसांची अट मनापासून आवडते. तेवढ्या काळात आपल्याला झाडीतला खेळ आवडतो की इमारतीतला, लांब बंदूक पेलवते की आखूड, हे आपोआप कळतं. पुढे स्वतःची घेतलीत तर ती बंद पिशवीत, गाडीच्या डिकीत. रस्त्यावर किंवा पेट्रोल पंपावर मित्राला दाखवायला बाहेर काढायची नाही. सार्वजनिक जागी नकली बंदूक विनाकारण बाळगणं हा इथे गुन्हा आहे, आणि लांबून बघणाऱ्या माणसाला ती खरीच वाटते.

पैसे खर्च करायचे तर आधी डोळ्यांवर करा. ६ मिलिमीटरची प्लास्टिकची गोळी अंगावर लागली तर चिमटा बसतो, डोळ्यावर लागली तर डोळा जातो. गॉगलवर ईएन १६६ ही खूण आणि तिच्यासोबत ‘बी’ हे अक्षर बघा. त्या चाचणीत ६ मिलिमीटरचीच, पण पोलादी गोळी सेकंदाला १२० मीटर वेगाने काचेवर मारतात. ‘एफ’ अक्षर असेल तर तीच चाचणी ४५ मीटर वेगाची असते. ते गॉगल बागकामाला ठीक, इथे नकोत. नंबरचा रोजचा चष्मा म्हणजे संरक्षण नव्हे. चष्मेवाल्यांनी चष्म्यावरून बसेल असा पूर्ण चेहऱ्याचा मास्क घ्यावा. दातांसाठीही तो हवाच. समोरचा दात तुटलेले खेळाडू मी पाहिले आहेत.

आता वाफ. नोव्हेंबरच्या थंडीत धावलं की काच आतून धुरकट होते आणि हात नकळत गॉगलकडे जातो. मैदानात गॉगल उचलायचा नाही म्हणजे नाही. दिसेनासं झालं तर तिथेच थांबा, मार्शलला (मैदानावरच्या पंचाला) हाक मारा, सेफ झोनमध्ये, म्हणजे जिथे गोळी झाडायला बंदी असते तिथे, जाऊन पुसा. दुहेरी काचेचे गॉगल घेतले तर हा त्रास पुष्कळ कमी होतो.

बाकी कपड्यांत फार अडकू नका. घोटा धरून ठेवणारे बूट, लांब बाह्या, पातळ हातमोजे. बोटांच्या पेरांवर बसलेली गोळी सगळ्यात जास्त झोंबते. जीन्स भिजली की दिवसभर वाळत नाही, म्हणून जुनी ट्रेकिंगची पँट बरी.

सकाळी आधी क्रोनो होतो, म्हणजे प्रत्येक बंदुकीचा वेग मोजतात. सलग झाडणाऱ्या बंदुकीला कायद्याने गोळीच्या ऊर्जेची मर्यादा १.३ जूल, एकेक गोळी झाडणारीला २.५ जूल. मैदानं बहुधा त्याहून कडक असतात: ०.२० ग्रॅमच्या बीबीला सेकंदाला ३५० फूट, म्हणजे साधारण १.१४ जूल. हाच खेळ जपानमध्ये जन्मला, आणि तिथे मर्यादा १ जूलच्याही किंचित खाली आहे. तरी तिथले लोक उत्तम खेळतात, म्हणून ताकदीच्या मागे लागू नका.

मग ब्रीफिंग. हे कान देऊन ऐका, कारण नियम मैदानागणिक बदलतात. बंदुकीवर गोळी लागली तर बाद की नाही, झाडावर आपटून आलेली धरायची की नाही, बाद झाल्यावर मेडिक (बाद झालेल्याला परत खेळात आणणारा साथीदार) उठवू शकतो की रीजेनपर्यंत (पुन्हा खेळात येण्याच्या ठिकाणापर्यंत) चालत जायचं, हे सगळं तिथेच सांगतात. कोपऱ्यावरून नुसती बंदूक पुढे काढून न बघता झाडणं मात्र जवळपास सगळीकडे बंद आहे. सेफ झोनमध्ये शिरण्याआधी मॅगझिन काढायचं, बंदूक सुरक्षित दिशेला धरून एक रिकामी झाडायची आणि सेफ्टी लावायची. हा क्रम हाताला लागला पाहिजे.

आणि आता ज्यासाठी मी हे सगळं लिहायला बसले ते. या खेळात रंग उडत नाही, दिवा लागत नाही. गोळी लागली हे फक्त ज्याला लागली त्यालाच कळतं. त्याने ‘हिट!’ म्हणून ओरडायचं, हात वर करायचा, लाल फडकं डोक्यावर धरून बाहेर जायचं. बस्स, सगळा खेळ एवढ्यावर उभा आहे. माझ्या पहिल्या गेममध्ये मी एका आडव्या पडलेल्या बीचच्या खोडामागे दबा धरून होते. समोर पन्नाशीतले एक गृहस्थ नेच्यांच्या आड. मी एकच गोळी झाडली; ती कुठे गेली मला दिसलं नाही, जवळ मार्शल नव्हता, दुसरं कोणीही नव्हतं. ते गृहस्थ उठून उभे राहिले, ‘हिट!’ म्हणाले, आणि माझ्याकडे बघून अंगठा दाखवत निघून गेले. गप्प बसले असते तर कोणालाही कळलं नसतं. मी त्या क्षणी या खेळाची झाले.

लहानपणी डबा ऐसपैसमध्ये रडी खाणाऱ्याशी आपण कट्टी घ्यायचो. इथेही तोच न्याय आहे, फक्त मोठ्या माणसांमध्ये. शंका आली तर स्वतःला बाद धरा. आणि समोरचा बाद होत नाही असं वाटलं तर त्याच्यावर ओरडू नका. बऱ्याचदा गोळी अलीकडच्या फांदीला लागलेली असते, किंवा जाड जॅकेटवर जाणवलेलीच नसते. पुन्हा नेम धरा. तरी खटकलं तर शांतपणे मार्शलला सांगा. नव्या लोकांनी एवढं एक सांभाळलं की जुने खेळाडू त्यांना आपणहून शेजारी घेतात, गोळ्या देतात, वाटा दाखवतात.

आता हॉप-अपची, म्हणजे बीबीला फिरकी देणाऱ्या भागाची, नोंद, कारण हिवाळाभर माझा जीव त्यातच होता. नळीच्या मागच्या टोकाशी असलेलं रबर बीबीच्या माथ्यावर किंचित दाब देतं, त्यामुळे बीबी उलटी फिरत निघते आणि त्या फिरकीने हवेत उचलून धरली जाते. दाब कमी असेल तर ती लवकर खाली पडते, जास्त असेल तर शेवटी आकाशाकडे वळते. ०.२० ग्रॅमची गोळी वाऱ्याने भरकटायची, ०.२५ जरा बरी. ०.२८ ला दाब वाढवावा लागला, पण आता पन्नासएक पावलांवरचं खोड सरळ रेषेत मिळतं. दाब बदलणारं चाक एका वेळी अगदी थोडं फिरवा, चार-पाच गोळ्या झाडा, त्यांची वाट नीट बघा, मगच पुन्हा हात लावा. बीबीचं वजन बदललं की हे पुन्हा पहिल्यापासून करायचं. आणि झाडीत जैवविघटनशील बीबीच वापरा.

थंडीत गॅसची पिस्तुलं मलूल पडतात, कारण गार हवेत गॅसचा दाब उतरतो. म्हणून हिवाळ्यात नवख्यांनी इलेक्ट्रिक बंदूकच घ्यावी. तिची लिपो (लिथियम पॉलिमर) बॅटरी प्रत्येक सेलमागे ३ व्होल्टच्या खाली उतरू द्यायची नाही, आणि चार्जिंगला लावून झोपायचं नाही. डब्यात पोळीचा रोल आणि शेंगदाण्याचा लाडू. पाणी वाटतं त्याच्या दुप्पट न्या.

पुढची योजना: उन्हाळ्यात इमारतीतला गेम खेळून बघायचा आहे. तिथे अंतर खोलीभराचं असतं, त्यामुळे लांब पल्ल्याची माझी सगळी मेहनत बाजूला ठेवून दारं आणि कोपरे शिकावे लागतील. त्याआधी एप्रिलमध्ये नव्या मंडळींसोबत एक रविवार झाडीत काढायचा आहे. चष्मा असेल तर आधी कळवा, माझ्याकडे चष्म्यावर बसणारा एक जादा मास्क आहे.