ॲलर्जीची गोळी द्या, पण झोप न येणारी

पाऊस ओसरला की पुण्यात शिंकांचा सीझन सुरू होतो. मोकळ्या प्लॉटवर गाजर गवत कमरेएवढं वाढलेलं असतं (भारतात हे गवत पहिल्यांदा नजरेत आलं ते पुण्यातच, १९५५च्या सुमारास, म्हणजे हाही मान आपलाच), रस्ते पुन्हा खोदायला घेतलेले असतात आणि घरोघरी दिवाळीची आवराआवर निघते, माळ्यावरच्या गाद्या, जुनी पुस्तकं, पंख्यांवरची वर्षभराची धूळ. मी फार्मासिस्ट आहे, एका छोट्या मेडिकलमध्ये काउंटरला असते, आणि ह्या दिवसांत संध्याकाळी निम्मी गर्दी नाक पुसतच आत येते. मागणी एकच, ॲलर्जीची गोळी द्या पण झोप न येणारी.

ह्यावर मी उलट प्रश्न विचारते ते फारसं कुणाला आवडत नाही. गाडीवर आलात का, बीपीची गोळी चालू आहे का, लघवीला त्रास होतो का, सकाळपासून दुसरं काय घेतलंय. मागचा माणूस चुळबुळ करायला लागतो, अहो मॅडम द्या ना एक गोळी, काय एवढं.

एवढं काय ते सांगते. परवा एक काका आले, सत्तरीच्या आसपासचे.

"सेटिरिझिन द्या, सकाळपासून नाक गळतंय नुसतं."

"काका, आधी काही घेतलंय का?"

"छे, काही नाही."

पैसे द्यायला खिशात हात घातला तर नोटांबरोबर एक अर्धी स्ट्रिप बाहेर आली. म्हटलं ही कशाची? तर म्हणे ही ॲलर्जीची नाही, ही सर्दीची, दुपारी घेतली. मागे वाचलं, पॅरासिटामॉल, फिनाइलेफ्रिन (चोंदलेलं नाक मोकळं करणारं) आणि क्लोरफेनिरामिन. हे शेवटचं क्लोरफेनिरामिन म्हणजे अँटीहिस्टामिनच, ॲलर्जीचंच औषध, तेही जुन्या पिढीतलं. आणि मग हळूच कळलं की रात्री मुलाची एक गोळी असते घरात तीही घेतात कधीकधी, "ती छान लागू पडते". ती होती मॉन्टेलुकास्ट आणि लेवोसेटिरिझिनची. म्हणजे माणूस एक, नाक एक, आणि एकाच जातीची तीन औषधं तीन नावांनी पोटात जाणार. वर काकांना प्रोस्टेटचा त्रास, त्याची गोळी आमच्याकडूनच नेतात. जुन्या अँटीहिस्टामिनने अशा माणसाची लघवी अडू शकते, पार कॅथेटर लावायची वेळ येते, आणि फिनाइलेफ्रिन त्यात भर घालतं. सेटिरिझिन दिलं नाही, डॉक्टरांना फोन लावून दिला.

त्यामुळे माझं म्हणणं एकच असतं, गोळीचं मोठ्या अक्षरातलं नाव विसरा, स्ट्रिप उलटी करा आणि खालचं बारीक अक्षरातलं नाव वाचा. ब्रँड शंभर आहेत, आतली औषधं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. सर्दीच्या म्हणून मिळणाऱ्या बहुतेक गोळ्यांत अँटीहिस्टामिन असतंच, कशात क्लोरफेनिरामिन तर कशात चक्क सेटिरिझिन. आणि सेटिरिझिन १० एमजी आणि लेवोसेटिरिझिन ५ एमजी ही दोन वेगळी औषधं समजून लोक सकाळी एक रात्री एक घेतात, तर लेवो हा सेटिरिझिनमधलाच कामाचा अर्धा भाग आहे. त्याच्या ५ मध्ये तेवढंच काम होतं. दोन्ही घेतल्या म्हणजे डोस डबल झाला.

ही औषधं काम कशी करतात ते थोडं कळलं तर कधी घ्यायची हेही कळतं. धूळ किंवा परागकण नाकात गेले की आपलंच शरीर हिस्टामिन सोडतं, ते पेशींवरच्या ठरलेल्या जागी जाऊन बसतं आणि मग खाज, शिंका, पाणी. गोळी हिस्टामिन बंद करत नाही, ती फक्त एसटीत रुमाल टाकून सीट धरावी तशी ती जागा आधी जाऊन धरते. म्हणून माळा काढायचा असेल तर शिंका सुरू झाल्यावर नाही, तासभर आधी घ्या. सेटिरिझिन तासाभरात लागू होतं आणि जवळजवळ दिवसभर टिकतं, म्हणून दिवसातून एकदाच. दोन तासांत फरक नाही पडला म्हणून दुसरी घेतली तर नाक उघडत नाही, झोप मात्र नक्की येते. तोंडाला ओला रुमाल किंवा मास्क बांधून काम केलंत तर कदाचित गोळीही लागणार नाही, पण हे सांगितलं की लोक अशी नजर टाकतात की जणू मी गिऱ्हाईक घालवतेय (मालकांनाही तसंच वाटतं).

आता झोपेचं. अविल म्हणजे फेनिरामिन आणि वर सांगितलेलं क्लोरफेनिरामिन ही जुनी औषधं, ती मेंदूत सहज शिरतात म्हणून डोळे मिटतात, तोंड कोरडं पडतं, म्हाताऱ्या माणसांना तर गोंधळल्यासारखं होतं, रात्री बाथरूमला उठताना तोल जातो. काचबिंदूच्या काही पेशंटना ती चालतच नाहीत. अविल घेऊन टू व्हीलर चालवू नका, आणि "मला नाही येत झोप" हे मला सांगू नका कारण डोळे उघडे असले तरी ब्रेक दाबायला उशीर होतो आणि तो आपल्याला जाणवत नाही. सेटिरिझिन, लेवोसेटिरिझिन नवीन पिढीतली, पण काहींना त्यानेही चांगलीच पेंग येते, म्हणून पहिल्यांदा घेताना रात्री घ्या आणि सकाळी कसं वाटतं ते बघा. खरोखर कमी झोप हवी असेल तर फेक्सोफेनाडिन, नाकाच्या ॲलर्जीला १२० एमजी, अंगावर पित्त उठत असेल तर १८०, किंवा लोराटाडिन १० एमजी. फेक्सोफेनाडिन मात्र साध्या पाण्याबरोबरच घ्यायचं, संत्र्याच्या किंवा सफरचंदाच्या ज्यूसबरोबर घेतलं तर निम्मं औषध शोषलंच जात नाही, ॲसिडिटीच्या पातळ औषधाबरोबरही तेच. दारूबरोबर ह्यातलं कुठलंच नको. किडनीचा त्रास असेल तर सेटिरिझिनचा डोस कमी करावा लागतो, तो डॉक्टरांनी ठरवायचा, आम्ही नाही. गरोदर बायकांनी तर विचारल्याशिवाय काहीच नको.

आता ती मॉन्टेलुकास्टवाली जोडगोळी. निम्म्या पुण्याच्या ड्रॉवरमध्ये ती असते आणि सगळे तिला "ॲलर्जीची गोळी" म्हणतात. मॉन्टेलुकास्ट हे अँटीहिस्टामिन नाहीच, वेगळंच औषध आहे, मुळात दम्यासाठीचं, आणि २०२० मध्ये अमेरिकेच्या एफडीएने (तिथलं औषधांवर लक्ष ठेवणारं सरकारी खातं) त्यावर सगळ्यात कडक इशारा छापायला लावला, कारण काही लोकांना त्याने भीतीदायक स्वप्नं, चिडचिड, उदासी, अगदी आत्महत्येचे विचार असं झालेलं आहे. सगळ्यांना होत नाही, दम्याच्या पेशंटनी आपल्या मनाने बंदही करू नये, पण चार शिंका आल्या म्हणून शेजाऱ्यांकडून मागून घ्यायची ही गोळी नव्हे. मुलगा एकदम गप्प गप्प झाला किंवा रात्री दचकून उठतोय आणि गोळी चालू आहे असं असेल तर डॉक्टरांना हे दोन्ही एकत्र सांगा.

लहान मुलांचं माझं डोकं फिरतं ते प्रवासावरून. "गाडीत झोपेल ना शांत" म्हणून अविलचं सिरप मागतात, आईवडील चांगले शिकलेले असतात. झोपेसाठी हे औषध नाही, आणि काही पोरं त्याने झोपायच्या ऐवजी उलट सैरभैर होतात, मग घाटात बसा सांभाळत. क्लोरफेनिरामिन आणि फिनाइलेफ्रिन एकत्र असलेलं सर्दीचं औषध चार वर्षांखालच्या मुलांना द्यायचं नाही असा सरकारी आदेशच आहे डिसेंबर २०२३चा, बाटलीवर तसं छापायलाही सांगितलंय. सिरप मोजायला बाटलीबरोबरचं माप वापरा, स्वयंपाकघरातला चमचा प्रत्येक घरी वेगळा असतो.

नाक वाहत नाही, नुसतं चोंदलंय, असं असेल तर गोळीने फार फरक पडत नाही. त्याला डॉक्टर स्टिरॉइडचा नाकातला स्प्रे देतात तो जास्त चांगला, पण रोज मारावा लागतो, असर यायला थोडे दिवस जातात, आणि स्टिरॉइड म्हटलं की लोक घाबरतात. न घाबरता तीन-चार दिवसांच्या वर वापरतात ते मात्र नाक झटक्यात मोकळं करणारे थेंब, ज्यांच्या सवयीने नाक पुन्हा जास्तच चोंदतं. आता काय बोलायचं.

वर्षानुवर्षं रोज सेटिरिझिन घेणाऱ्यांसाठी एक. मे २०२५ मध्ये अमेरिकेच्या त्याच एफडीएने सांगितलं की सेटिरिझिन किंवा लेवोसेटिरिझिन खूप महिने रोज घेऊन एकदम बंद केलं तर काही थोड्या लोकांना नंतर अंगभर भयंकर खाज सुटते. दुर्मिळ आहे, पण तसं झालं तर ती नवीन ॲलर्जी समजून आणखी गोळ्या चालू करत बसू नका, डॉक्टरांना आधीचा सगळा इतिहास सांगा.

आणि ओठ, जीभ सुजली, श्वास लागला, आवाज घोगरा झाला, चक्कर आली, मग ते कोळंबीने असो की मधमाशीने, तिथे आमच्याकडे यायचंच नाही. त्याला ॲड्रेनालिनचं इंजेक्शन लागतं, गोळी पोटात जाऊन लागू होईपर्यंत वेळ नसतो. १०८ ला फोन नाहीतर जवळचं हॉस्पिटल.

गोळ्या सुट्या मागता तेव्हा आम्ही कात्रीने स्ट्रिप कापतो, एक्सपायरी एका टोकाला असते आणि औषधाचं नाव बऱ्याचदा दुसऱ्याच तुकड्यावर राहतं. चारच हव्या असतील तरी नाव आणि तारीख असलेला तुकडा मागून घ्या, किंवा काउंटरवरच मोबाईलमध्ये फोटो काढा, आम्ही रागवत नाही. आणि त्वचेवर टोचून करतात ती ॲलर्जी टेस्ट करायची असेल तर अँटीहिस्टामिन साधारण आठवडाभर आधी बंद ठेवावं लागतं, नाहीतर टेस्टमध्ये काहीच दिसत नाही आणि पैसे फुकट जातात. सर्दीची गोळीही त्यात धरायची.